उरलेलं अर्धा लिटर तेल

दिवाळीनंतरचा दुसरा शनिवार. रक्कम नऊ हजार दोनशे रुपये, रोख. हजर: मी, मिस्त्री, आणि ज्यांचा या व्यवहाराशी काहीही संबंध नव्हता असे दोन रिक्षावाले.

माझी गाडी चौदा वर्षांची, छोटी, डिझेलची. इंजिनच्या पुढच्या भागात एक साखळी फिरते, तिला टायमिंग चेन म्हणतात. ती सैल पडली की पत्र्याच्या डब्यात खिळे घालून हलवावेत तसा आवाज येतो. आमच्या गाडीचा तो गणपतीपासून येत होता. मिस्त्रीने कव्हर उघडून चेन, तिच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर, सगळं नवीन बसवलं. तेल बदललं. गाडी चालू केली तर आवाज बंद.

"पैंजण उतरले की हो साब," एक रिक्षावाला म्हणाला.

मी बिल वाचत होतो. इंजिनात तेल मावतं तीन लिटर, तसं गाडीच्या पुस्तकात छापलेलं आहे. बिलात डबा साडेतीन लिटरचा. मी विचारलं, "मिस्त्री, वरचं अर्धा लिटर कुठं आहे?"

"ते गॅरेजमधे ऱ्हातं साब. सगळीकडं तेच चालतं."

"पैसे मी पूर्ण डब्याचे दिलेत."

"अर्ध्या लिटरला काय घेऊन बसले साब! आवाज बंद झाला ना? बराबर झाला ना?"

झाला होता, म्हणून मी किल्ली घेऊन निघालो. पण डोक्यातून ते जाईना, म्हणून रात्री गावी, धावड्याला, दादाला फोन करून सांगितलं. दादा माझा थोरला भाऊ. शेती तोच बघतो, आणि आई त्याच्याकडे असते. "साडेतीन लिटरचे पैसे घेतले आणि अर्धा लिटर ठेवून घेतलं," मी म्हणालो. "असंच करतेत हे लोक," दादा म्हणाला. आम्ही दोघांनी मिळून गॅरेजवाल्यांना थोडा वेळ नावं ठेवली आणि फोन ठेवला.

एका चेनसाठी एवढा जीव का टाकला, ते सांगायला हवं. आईचा डावा डोळा गेलेला आहे. उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज येते म्हणून महिन्याला एक इंजेक्शन द्यावं लागतं, थेट डोळ्यात. ते देणारे डॉक्टर इथे जालन्याला महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी येतात आणि दुपारपर्यंतच बसतात. गुरुवारी मी तिला धावड्याहून आणतो, शुक्रवारी इंजेक्शन, शनिवारी परत पोचवतो. बसने तिला नेता येत नाही; इंजेक्शननंतर धक्के आणि धूळ दोन्ही टाळायचं. म्हणजे त्या डोळ्याचा सगळा भार या गाडीवर.

त्या महिन्याचं इंजेक्शन नीट झालं. शनिवारी आईला सोडून परत येताना भोकरदन मागे पडलं, गतिरोधकावर गाडी हळू केली, आणि तोच आवाज. तेच खिळे, तोच डबा. नऊ हजार दोनशे रुपये देऊन अजून महिनासुद्धा झाला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॉनेट उघडलं. तेल मोजायची काठी काढून पुसली, परत घातली, काढली. तेल वरच्या खुणेच्याही वर होतं. मला त्याही स्थितीत थोडं बरं वाटलं. म्हटलं, आपण बोललो ते मिस्त्रीच्या मनाला लागलं असावं आणि त्याने अर्धा लिटर शेवटी घातलं असावं. आमच्या घरात कमी पडण्याची भीती सगळ्यांना असते. एखादी गोष्ट जास्त झाली म्हणून कुणी घाबरल्याचं मी पाहिलेलं नाही. गॅरेजमध्ये जाऊन मी ठामपणे सांगितलं, "तेल भरपूर आहे, मी स्वतः बघितलंय. तेलाचा प्रश्न नाही."

"मंग टेन्शनर खराब निघाला," मिस्त्री म्हणाला. "माल कसा येतो आजकाल, तुम्हाला काय सांगू!"

नवा टेन्शनर बाहेरून मागवायचा होता. तो यायला डिसेंबरचा शेवट उजाडला. मिस्त्रीने इंजेक्शनच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी गाडी देतो म्हणून सांगितलं. दुपारी म्हणाला, बस, एक घंटा. संध्याकाळी म्हणाला, कव्हर लावायचं राह्यलंय फक्त. दिवेलागणीला म्हणाला, सकाळी उजाडायला या. सकाळी गेलो तर गॅरेजला कुलूप. तोवर धावड्यात भाड्याची गाडी शोधून दादा थकला. एक मिळाली ती निघेपर्यंत डॉक्टर उठून गेले होते. दवाखान्यातून फोनवर सांगितलं, आता थेट पुढच्या महिन्यात, आणि खाडा पडला ते चांगलं झालं नाही. आता परत पडला तर भरवसा देता येणार नाही.

गाडी शनिवारी मिळाली. चार हजार शंभर. त्यात तेलाचा नवा डबाही होता, साडेतीनचाच. मी या खेपेला काहीच विचारलं नाही. दादाला मात्र फोनवर बिल वाचून दाखवलं.

आवाज बंद होता. संक्रांतीला तिळगूळ घेऊन धावड्याला गेलो. दादाच्या घरून गाडी कधी रिकामी निघत नाही. ज्वारी, तूर, वांगी, काहीतरी डिकीत पडतंच, आणि मी आत जेवत असेपर्यंत दादा काचासुद्धा पुसून ठेवतो. पुढच्या रविवारी बायकोला हळदीकुंकवाला घेऊन गेलो. येताना बारीक खुळखुळ ऐकू आली. बायको म्हणाली, "तुम्ही ऐकता म्हणून ऐकू येतं." मी काच खाली करून ऐकत आलो. गारठ्याने कान दुखला, पण खुळखुळ होतीच.

शेवटच्या गुरुवारी आईला घेऊन निघालो. भोकरदनपर्यंत ठीक होतं. राजूरच्या अलीकडे आवाज असा वाढला की बाजूने जाणारा मोटारसायकलवाला मान वळवून बघायला लागला. मागे निळसर धूर. मी गाडी बाजूला घेतली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. उद्या दुपारच्या आत जालना गाठायचं होतं आणि मला त्या क्षणी दोनच गोष्टी दिसत होत्या: इंजिन मोडेल किंवा आणखी एक खाडा पडेल.

"माझ्यापेक्षा हिचाच दवाखाना जास्ती झाला," आई म्हणाली.

"माय, बोलू नको जरा."

"मी कुठं बोलून राह्यले? म्हणलं, तेल कमी पडलं का काय. पर आज तर दादानं घातलं व्हतं."

"काय घातलं?"

"तेल. तू जेवायला बसला तवा. दर खेपेला घालतो की. डबा उघडतो, ओततो, मंग ते झाकण आपटतो. मला दिसत न्हाई, पर ऐकू तर येतं ना."

मी मागे वळलो. "कधीपासून?"

"तूच फोन केल्ता न्हाई का, मिस्त्रीनं अर्धा लिटर मारलं म्हणून? तवापासून. तुझं राह्यलेलं अर्धा लिटर भरून देतो म्हणला. ट्रॅक्टरच्या डब्यातलं. धाकट्याला सांगू नको, म्हणला, उगं पैसे काढून देईल."

मी खाली उतरलो आणि काठी काढली. तेल खुणेच्या इतकं वर होतं की पुसायला रुमाल पुरला नाही. मिस्त्रीला फोन लावला.

"अरे साब!" तो ओरडलाच. "जास्ती तेल म्हंजे खाली क्रँकचा दांडा फिरतो, तो त्याला घुसळतो. ताक करता ना घरी, तसा फेस. टेन्शनर चालतो तेलाच्या दाबावर, फेसानं तो चेनला काय धरंल? बजायचीच चेन!"

"मग दुसऱ्या वेळी खोललं तेव्हा तुम्हाला कळलं नाही?"

"जुनं तेल टबात किती पडलं ते मापत कोण बसतं? आन तुम्हीच बोल्ले ना, तेल भरपूर हाय, मी स्वतः बघितलंय?"

यावर मी फोन ठेवला.

पुढे हाकेच्या अंतरावर ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान होतं. तिथल्या माणसाने पोत्यावर आडवं होऊन खालचा बोल्ट सैल केला, कॅनमध्ये तेल धरलं आणि मी काठी बघून थांब म्हणेपर्यंत सोडलं. दीड लिटर निघालं. त्याने पन्नास रुपये घेतले आणि तेलही ठेवून घेतलं. मी कॅनकडे बघितलं, तर तो म्हणाला, "ते दुकानात ऱ्हातं, भाऊ." मी गाडी चालू केली. राजूर ओलांडेपर्यंत खुळखुळ चालू होती, मग कमी होत होत थांबली. त्यानंतर आई जालन्यापर्यंत झोपली होती.

शुक्रवारी डॉक्टरांनी तिला तक्ता वाचायला लावला. नोव्हेंबरात वाचलेल्या ओळींपैकी खालच्या दोन आता तिला वाचता आल्या नाहीत. त्या परत येतीलच असं नाही, ते म्हणाले. पण आता खाडा पडला नाही तर आहे ते टिकेल. इंजेक्शन झालं. चार हजार शंभर रुपयांचा टेन्शनर बिनकामाचा बदलला, हे मी सोसेन. त्या दोन ओळींचं काय करायचं, मला कळत नव्हतं.

शनिवारी धावड्याला पोचलो. दादा अंगणात उभाच होता. मी रस्ताभर वाक्यं जुळवत आलो होतो, पण गाडीतून उतरता उतरता आईच बोलली. "ऐक. डॉक्टरनं पथ्य सांगितलंय. मला डोळा चोळायचा न्हाई, आन हिला तेल पाजायचं न्हाई."

दादाने माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं, ताकासकट.

"म्हंजी मी बिघडवून राह्यलो व्हतो?"

मी डिकी उघडून आईची पिशवी काढली.

"तूच म्हणला अर्धा लिटर कमी घातलं."

"कमी घातलं नाही म्हणालो. ठेवून घेतलं म्हणालो."

"एकच की ते."

"एक नाही ते, दादा."

"कसं न्हाई? डब्यात साडेतीन. गाडीत घातलं तीन. मंग गाडीत अर्धा कमीच ना?"

सव्वीस वर्षं पतसंस्थेत लोकांचे हिशेब जुळवण्यात गेली आहेत माझी. या हिशेबाला उत्तर आहे, सोपं आहे, आणि ते मी तीन वेळा दिलं. तिन्ही वेळा दादाने साडेतीनातून तीन वजा केले.

"बरं, माझंच चुकलं," तो शेवटी रागाने म्हणाला. "मंग माझ्या तेलाचे पैसे दे. फुकट येतं व्हय ते? पाच खेपा घातलं. अडीच लिटर. दोनशे चाळीस भावानं."

मी मनात गुणाकार केला. बरोबर होता. दोनशेच्या तीन नोटा काढून पुढे केल्या, तर त्याने हात मागे घेतले. "मायजवळ दे."

आईने एकेक नोट उजव्या डोळ्याजवळ नेली, उन्हाकडे धरली, आणि खाली घेतली.

"पिवळ्या हायेत," ती म्हणाली. "दोनशेच्या. तीन. बराबर." आणि त्या दादाच्या हातावर ठेवल्या.

रक्कम सहाशे रुपये, रोख. दिली दादाला, मोजून घेतली आईने.