दरीतल्या नदीची मोजणी

कचेरीत तिला सगळे 'घोरपड' म्हणत. एकदा उतार धरला की सोडायची नाही, म्हणून. तरुणपणापासून ती नकाशांसाठी डोंगर मोजत आली होती; आता चढउतारांनी एक गुडघा दुखरा झाला होता.

डोंगरापलीकडच्या नदीचा एक टप्पा मात्र कुणालाच मोजता आला नव्हता. विमानातून काढलेल्या फोटोंत नुसते झाडांचे शेंडे दिसत. खालच्या अरुंद दरीत पाणी कसं वळतं, ते कळत नसे.

साहेब म्हणाले, "बाई, दोन्ही टोकं माहीत आहेत ना? मधली रेघ अंदाजाने ओढून टाका."

"आणि त्या रेघेच्या भरवशावर उद्या कुणी खाली उतरलं तर?" असं म्हणून ती निघाली.

सोबत नणंद होती. ती त्याच जंगलात वनरक्षक. "वहिनी, माहेरी जायलासुद्धा एवढी घाई करत नाही तुम्ही," असं चिडवत तीच वाट काढायची. आरसा लावलेली काठी घेऊन ती पुढच्या वळणावर उभी राहायची, आणि घोरपड मागून यंत्राने नेम धरून अंतर आणि उंची मोजायची. मग यंत्र उचलून पुढे, पुन्हा तेच.

एकदा पाणी ओलांडताना नणंदेचा पाय घसरला. ती वाचली, काठी वाहून गेली. घोरपडीने सरळशी फांदी तोडली, जादाचा आरसा तिच्यावर दोरीने आवळला, जमिनीपासून आरशाची उंची टेपने मोजली आणि काम पुढे रेटलं.

दरीच्या शेवटी एक दगडी खांब होता. त्याची समुद्रसपाटीपासूनची उंची आधीच ठाऊक होती. तिथे पोचून तिने हिशेब केला. हातभर फरक! फांदी निरखून पाहिली, तर ओली दोरी सैल पडून आरसा खाली सरकला होता.

"कधी सरकला, देव जाणे. फांदी लावली तिथपासूनचं सगळं पाण्यात."

नणंद खडकावर बसली. "तुमचा गुडघा बघा, सुजून भोपळा झालाय. हातभर फरकाने नदी काय उलटी वाहणार आहे?"

"नदीचं काही बिघडत नाही, वन्सं. पण नकाशावर सही माझी असणार."

नणंदेने उठून नवी फांदी तोडली आणि आरसा घट्ट बसावा म्हणून सुरीने तिला खाच पाडली. "चला. उजेड आहे तोवर."

पहिली फांदी लावली होती तिथपर्यंत दोघी मागे चढून गेल्या. तिथून उतरताना गुडघा वाकेना, तेव्हा घोरपड यंत्र पोटाशी धरून बसत बसत उतरली. दर थांब्यावर आधी आरशाची उंची तपासली, मगच नेम धरला. पुन्हा खांबाशी आल्यावर आकडे जुळले. तशी ती खांबाला टेकून मोठ्याने हसली.

घरी तिचा पाय बघून नवरा घाबरला. "झालं तरी काय?"

"काही नाही दादा," नणंद पाठीवरचं ओझं उतरवत म्हणाली. "वहिनींनी नदी मोजली. मग मागे जाऊन परत मोजली. तू आधी शेकायला पाणी गरम कर."