कुठले उंबरवणकर?

"नीट लाव गं. नाक दिसतंय अजून."

हे माझ्या नाकाबद्दल चाललेलं. ठाण्यात, नौपाड्यातल्या एका एसी हॉलच्या दारात. टेबलाशी दोन बायका बसलेल्या. एकीच्या हातात शाळेच्या वह्यांना लावतात ती पांढरी लेबलं. दुसरी स्मरणिकेची एकेक प्रत उघडून तिच्यापुढे धरत होती. पान ठरलेलं. वर मथळा, 'आपले कुलभूषण'. खाली चार फोटो. एक निवृत्त न्यायाधीश, एक शास्त्रीय गायिका, एक डोळ्यांचे सर्जन आणि मी. लेबल फक्त माझ्यावर. फोटो मोठा छापलेला, लेबल लहान, म्हणून नाक वर राहिलं. तिनं आणखी एक लेबल काढलं, अंगठ्यानं दाबून बसवलं. पुढची प्रत.

मी समोरच उभी होते. माझी आई माझ्या शेजारी. त्या बायकांनी आम्हाला बघितलं. हात थांबले नाहीत.

"जरा बाजूला होतेस का?" एक म्हणाली. "येणाऱ्यांची अडचण होते."

तासाभरापूर्वी ह्याच बाईनं मला गुलाब दिलेला. "या, या मॅडम, तुमचीच वाट बघत होतो," म्हणालेली. आईच्या मनगटाला अत्तर लावलेलं. तासाभरात मी मॅडमची 'होतेस का' झाले. मधे काय झालं ते सांगते.

आमचं आडनाव उंबरवणकर. फारसं कुठं ऐकू येत नाही. शाळेत नाही, कॉलेजात नाही, मला दुसरी उंबरवणकर कधी भेटलीच नाही. कोकणात उंबरवणे नावाचं गाव आहे, तिथले आम्ही. आजोबा पोटासाठी ठाण्याला आले. बाबा कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत लागले, ॲसिडचे ड्रम हलवायला. कळव्याला डोंगराच्या उतारावर आमची खोली. ज्या ॲसिडनं बाबांच्या बोटांची कातडी गेली, त्याचं सूत्र मी पुढं पुस्तकात वाचलं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली.

बाबांना त्या आडनावाचं भारी कौतुक. पेपरात कुठं उंबरवणकर दिसला की मोठ्यानं वाचून दाखवायचे. "बघ, आपल्या नावाचा जज्ज झालाय." गायिकाबाईंचं ठाण्यात गाणं होतं तेव्हा तिकीट परवडण्यातलं नव्हतं, तर कंपनीतून सुटल्यावर सायकल मारत जाऊन नुसतं पोस्टर बघून आलेले. "आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात!" हात पसरून दाखवत होते.

आई म्हणायची, "ती काय तुमची आत्या लागते?"

"आत्या नसेल. गाव तर एक ना!"

मी एम.एस्सी.ला केमिस्ट्रीत विद्यापीठात पहिली आले. डोंबिवलीच्या एका कॉलेजात शिकवायला लागले. पेपरच्या ठाण्याच्या पानावर माझा फोटो आला. चार दिवसांनी फोन.

"नमस्कार! आपण उंबरवणकर मॅडम ना? मीसुद्धा उंबरवणकर! डोंबिवलीहून बोलतोय. परिवार मंडळाचा सेक्रेटरी." आवाजात नुसता आनंद. "आपल्यातल्या नामवंतांचा सत्कार करतोय आम्ही. आपलं मूळ गाव?"

"उंबरवणे."

"मग झालं तर! गाव एक, आडनाव एक. आणखी काय पाहिजे?"

त्यानं दुसरं काही विचारलं नाही. मीही नाही. बाबा म्हणाले, गावमंडळ असणार. कोकणातल्या गावांची इकडं मंडळं असतात, रस्त्याला, शाळेला वर्गणी काढतात. आमच्या वाडीचं वेगळं आहे. पण बाबांना वाटलं, शिकलेली माणसं आहेत, वाड्या एकत्र केल्या असतील आता. खोकल्यामुळं ते स्वतः येऊ शकत नव्हते. "फोटो काढ भरपूर," म्हणाले. "जज्जसाहेबांबरोबर एक तरी."

तर आम्ही गेलेलो. गावमंडळ समजून. ते गावमंडळ नव्हतं. ते कुलसंमेलन होतं.

हॉलची एक आख्खी भिंत भरून फ्लेक्स लावलेला. वंशवृक्ष. खोडात मूळपुरुषाचं नाव, वर फांद्या, फांद्यांना नावं. आलेल्यानं आपल्या बापाचं नाव शोधायचं आणि खाली मार्करनं स्वतःचं लिहायचं. अमेरिकेतून आलेली पोरंसुद्धा मोडक्या मराठीत नावं लिहीत होती. मार्कर सांभाळायला एक आजोबा. सगळे त्यांना अप्पा म्हणत होते.

"या कुलभूषण!" अप्पा म्हणाले. "तुमची पाती कुठली? थोरली शाखा की धाकटी?"

"ते नाही माहीत. आजोबांचं नाव सांगू?"

"सांगा की."

मी सांगितलं. अप्पांनी चष्मा वर केला, खाली केला, फांद्यांवरून बोट फिरवलं. "हे नाव कसं दिसत नाही... कुलदैवत कोणतं तुमचं?"

"आम्ही बौद्ध. आमचं घर गावात ओढ्यापलीकडं, बौद्धवाडीत."

मी हे वर्गात बोलते त्या आवाजात बोलले. आवाज खाली करायची मला सवय नाही. मागं उभ्या असलेल्या दोन-चार जणांनी ऐकलं.

अप्पांनी मार्करला टोपण लावलं.

"अच्छा," म्हणाले. "अच्छा अच्छा. छान." आणि माझ्या डोक्यावरून कुणाला तरी शोधायला लागले.

कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं, मी कळव्याची आहे, उलटी देता आली असती. इथं नुसती कुजबुज. ह्या खांद्याशी ती मान, त्या मानेशी ती मान. आम्ही दोघी पहिल्या रांगेत बसलेलो. शेजारची बाई पर्स उचलून "पंख्याचा वारा लागतो" म्हणून उठली. एसी हॉलमध्ये.

मग सेक्रेटरी आला. हसत. आम्हाला बाजूच्या खोलीत घेऊन गेला. हॉलमध्ये पाण्याचं पिंप, स्टीलचे ग्लास, सगळे त्यातच पीत होते. आमच्यासाठी त्यानं सीलबंद बाटल्या आणलेल्या.

"मॅडम, जरा गैरसमज झाला. चूक तुमची नाही हं, आमचीच. आपल्याकडे... म्हणजे हल्ली तसं कुणी काही मानत नाही. पण ज्येष्ठ मंडळी आहेत, कुलदैवताची पूजा आहे. तुम्ही समजून घ्याल, शिकलेल्या आहात."

शिकलेल्या माणसानं काय समजून घ्यायचं असतं? हे मला कुठल्या वर्गात शिकवलं नव्हतं.

"मग आता?" मी विचारलं.

"आता असं करू. तुम्हीच माईकवर दोन शब्द बोला. की आडनाव एक असलं तरी तुम्ही आमच्यातल्या नाही, चुकून निमंत्रण आलं. तुमच्या तोंडून आलं की कुणाला वावगं वाटणार नाही. नाहीतर उद्या कुणी फेसबुकवर टाकेल, त्याचा भलताच अर्थ... हल्ली कायदेही तसेच आहेत ना."

म्हणजे मला हाकलणार ते, आणि दाखला मी द्यायचा. की मला कुणी हाकललं नाही, मीच वाट चुकून आत शिरले.

"शाल-श्रीफळ आहे तुमचं," तो म्हणाला. "ते देतो ना. इथंच देतो." शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत होती. ती त्यानं खुर्चीवर ठेवली. माझ्या हातात नाही.

तेवढ्यात ती गुलाबवाली बाई आली. हातात दोन पार्सलचे डबे. "पंगतीला उशीर होईल गं. तुम्हाला लांब जायचंय ना? घेऊन जा."

लांब! नौपाड्यातून निघालं, खाडीचा पूल ओलांडला की कळवा. पुण्याची माणसं पंगतीला थांबणार होती. नाशिकची थांबणार होती. लांब जायचं होतं ते आम्हालाच.

आणि माझ्या आईनं ते डबे घेतले. नुसते घेतले नाहीत. पाठीत वाकली, पदर सावरला, दोन्ही हातांची ओंजळ करून पुढं धरली. त्या बाईनं डबे वरून सोडले. माझी आई कळव्याच्या बाजारात भाजीवाल्याला घाम फोडते. रेशनवाल्याशी भांडून रांग सरळ करते. ती ओंजळ तिला कुणी शिकवली, कधी शिकवली, मला माहीत नाही. तिलाही माहीत नसेल. हातांना माहीत होती.

"चल बाय," आई हळू म्हणाली. "दिलं ते घ्यायचं नि निघायचं. तमाशा नको."

आम्ही दाराकडं निघालो. तिथं ती लेबलं लागत होती. नाक दिसत होतं.

मी मागं फिरले. सेक्रेटरीला म्हटलं, "चालेल. बोलते मी."

तो इतका खूश झाला की स्वतः धावत जाऊन माईक घेतला. "एक छोटासा खुलासा, मंडळी."

मी स्टेजवर गेले. आईच्या हातातले डबे घेऊन गेले. समईशेजारी ठेवले.

"मला इथं सांगायला सांगितलंय की मी तुमच्यातली नाही," मी म्हटलं. "खरं आहे. तुमच्या झाडावर माझी फांदी नाही, मला नकोय पण. मात्र मी उंबरवणकर आहे, आणि चुकून नाही. त्या गावाची हद्द आमच्या माणसांनी राखली. गावातलं मेलेलं ढोर आमच्या माणसांनी ओढलं. तुमच्या घरात कोण मेलं की पावसापाण्यात पायी जाऊन पाहुण्यांना खबर आमच्या माणसांनी दिली. गावाचं नाव लावायला ह्याहून जास्त काय करावं लागतं ते मला सांगा."

माईक बंद झाला.

कॉलेजात पोरं भरलेल्या वर्गाला मी शिकवते. माईक लागत नाही.

"दारात माझ्या फोटोवर लेबलं लावताय. ती काढा. नाहीतर पान फाडून टाका, आख्खं. मला झाकून ही पुस्तकं वाटायची नाहीत."

कुणी उठलं नाही. पहिल्या रांगेत न्यायाधीश होते. आयुष्यभर दुसऱ्यांना खरं बोलायची शपथ घालणारा माणूस. त्यांनी घड्याळ बघितलं. गायिकाबाईंनी कार्यक्रमपत्रिका उघडली आणि वाचत बसल्या, दोन ओळींची पत्रिका. सर्जनसाहेब फोन कानाला लावून बाहेर निघाले. हे आमचे नामवंत. ह्यांचीच नावं वाचून माझा बाप सुखी व्हायचा.

मागून कुणीतरी म्हणालं, "ह्यांना सवलती मिळतात ना, म्हणून बोलायला येतं."

मी आईचा हात धरला आणि खाली उतरले. लेबलं कुणी काढली नाहीत. आम्ही बाहेर पडलो तेव्हाही त्या बायका लावतच होत्या.

रिक्षात आई तोंड फिरवून बसली. पूल आला. मग म्हणाली, "काय मिळालं तुला?"

"काही नाही."

"मग कशाला?"

रिक्षा पूल उतरली. तीच म्हणाली, "भरलं वांगं होतं डब्यात. वास येत होता." आणि रडायला लागली. रिक्षावाल्यानं आरशात बघितलं. त्याला काय वाटलं असेल, वांग्यासाठी रडते बाई.

घरी जायच्या आधी आईनं बजावलेलं, बाबांना सांगू नको, जीवाला लावून घेतील. मी सांगितलं. सगळं. ऐकून बाबा बराच वेळ बोटं चोळत बसले.

"जज्जसाहेब काय म्हणाले?"

"काही नाही."

"काहीच?"

"घड्याळ बघितलं."

बाबा खोकले. खोकला थांबल्यावर म्हणाले, "मग तो कसला जज्ज." पुन्हा त्या माणसाचं नाव आमच्या घरात निघालं नाही.

पुढच्या आठवड्यात सेक्रेटरीचा फोन. मी कॉलेजच्या जिन्यात होते.

"मॅडम, झालं ते झालं. आमच्या कमिटीनं ठरवलंय, पुढच्या वर्षी तुम्हाला प्रमुख पाहुण्या म्हणून बोलवायचं. कुळाबाहेरची कर्तबगार व्यक्ती. मोठा मान आहे हा."

"कुळ तुमचं आहे, ते तुमच्याजवळ ठेवा," मी म्हटलं. "पण त्या गावाची मी पाहुणी नाही. येणार नाही."

त्याचा आवाज एकदम मऊ. "एक सुचवू? रागावू नका. तुमच्यापुढं आयुष्य पडलंय. हे असं वारंवार होणार, लोक विचारणार. तुमच्यात बरेच जण आडनाव बदलून घेतात ना हल्ली? गॅझेटमध्ये देता येतं. मी मदत करतो हवं तर. माझी ओळख आहे."

"तुम्हाला अडचण होते का?"

"अडचण नाही हो, पण घोळ होतो."

"मग तुम्ही बदला," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

आडनाव मी बदलणार नाही. लग्न झालं तरी नाही. मूल झालं तर त्यालाही हेच लावीन. दरवर्षी नवा वर्ग येतो, आणि त्यातल्या बऱ्याच पोरांनी हे नाव पहिल्यांदा माझ्यामुळं ऐकलेलं असतं. त्यांना ना ती गायिका माहीत, ना तो न्यायाधीश. त्यांच्या लेखी उंबरवणकर म्हणजे केमिस्ट्रीची बाई. आता पीएच.डी.ला बसलेय. त्यापुढचंही ठरलंय. एवढं काम करायचं की त्या मंडळातला कुणी कुठंही जाऊन स्वतःचं नाव सांगेल, तेव्हा समोरचा माणूस आधी विचारील, "त्या कळव्याच्या उंबरवणकर बाईंचे कोण तुम्ही?"

आणि त्याला सांगावं लागेल, कुणी नाही.