मोडायचा राहिलेला बाण

घरी सगळ्यांना वाटतं, गुडघ्यामुळे मी मुलांसोबत कन्हान नदीच्या काठी पायी सहलीला जाणं सोडलं. गुडघ्याला काहीही झालेलं नाही. खरं कारण आजवर कोणाच्या कानावर घातलं नाही—बायकोच्याही नाही. आज तुम्हाला सांगतो. आजच काहून? विचारू नका बाप्पा, मलाही नीट माहीत नाही.

लकडगंजात माझं प्लायवूडचं दुकान. सहा दिवस दुकान आणि रविवारी गळ्यात स्कार्फ—वीस वर्षं मी आमच्या वस्तीतल्या स्काऊट पथकाचा मास्तर आहे. पगार नाही, नुसती हौस. मुलींचं गाईड पथक कुंदाताई मेश्राम बघायच्या. कामठीहून शेअर ऑटोनं यायच्या. शिवणकाम करून पोट भरणारी एकटी बाई, पण पोरापोरींचे स्कार्फ घरून शिवून आणायच्या. रविवार हाच त्यांचा सण होता. मला भाऊ म्हणायच्या.

आता बाणांचं सांगतो, त्याशिवाय माझं पाप कळायचं नाही. सहलीत एक जण पुढे जाऊन वाटेवर दगडांचे बाण मांडतो. मुलं ते शोधत शोधत जातात. सगळ्यात मागून येणारा मास्तर प्रत्येक बाण मोडतो—मोडायचाच, नाहीतर पुढच्या वेळचं पथक जुन्या बाणामागे भरकटतं. हे मुलांना कोणी शिकवलं? मीच. घसा कोरडा पडेस्तोवर. माझ्या बाणाच्या टोकाला नेहमी पांढरी गारगोटी असायची. तेवढीच माझी ऐट.

त्या रविवारी मी पहाटे बाण मांडून मोठ्या मुलांना नेलं होतं. परतताना साळ्याकडे सावजी मटणाचं बोलावणं होतं, आणि शेवटचे तीन-चार बाण मोडायला उन्हात तिथवर कोण जाणार? मुलांना घेऊन पक्क्या रस्त्यानं निघून आलो. कुंदाताईंनी विचारलं, तर म्हटलं, मोडले सगळे. किती सहज निघालं तोंडून!

पुढच्या रविवारी त्यांनी त्याच काठावर मुलींसाठी नवे बाण मांडले. बाभळीपाशी वाट फुटते. तिथून चार मुली माझ्या जुन्या बाणामागे गेल्या. त्या बाजूला आठवडाभरात वाळूवाल्यांनी खोल खड्डा करून ठेवला होता. त्यांच्यातली सेजल त्या खड्ड्यात पडली. मांडीचं हाड मोडलं—अकरा वर्षांची पोर. अजून पाय ओढत चालते.

पालकांची बैठक बसली. बाण कोणी मांडले? कुंदाताईंनी. मग चूक कोणाची? एकानं मला विचारलं, सर, तुमचा एखादा जुना तर राहिला नव्हता ना? ताई माझ्याकडे बघत होत्या. रागानं नाही हो—भरवशानं. भावाकडे बघावं तसं. मी म्हणालो, "माझे सगळे मी मोडले होते."

इथेच थांबलो असतो, तर नुसता भित्रा ठरलो असतो. पण नाही—मी उभा राहिलो, हात जोडले आणि म्हटलं, माणसाच्या हातून चूक होते, ताईंना सांभाळून घ्या. लोक म्हणाले, सरांचं मन किती मोठं! चूक माझी, आणि माफी मी त्यांच्यासाठी मागत होतो. मुलींचं पथक त्यांच्याकडून काढून घ्यायचं तिथेच ठरलं. मी मान डोलावली.

बाहेर चपला घालताना ताई एवढंच म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या तोंडून निघन म्हणून मी वाट पाहून राहिली होती."

मला काय वाटलं, सांगू? राग आला—त्यांचा! माहीत होतं, तर बोलल्या काहून नाहीत? दगा मलाच झाल्यासारखा मी घरभर धुसफुसत फिरलो. बायकोला वाटलं, सेजलच्या काळजीनं.

त्यानंतरच्या रविवारी मी मैदानावर सगळ्यांच्या आधी पोचलो. झेंड्याच्या खांबापाशी कोणीतरी दगडांचं रिंगण मांडलं होतं आणि मधोमध एक दगड. ही खूण आमच्यातलं लहानात लहान पोर ओळखतं—वाट संपली, मी घरी गेले. मधला दगड पांढरी गारगोटी होती. माझी. मुलींना शोधायला गेल्या, त्याच दिवशी ताईंनी ती उचलली असणार. म्हणजे बैठकीत ती त्यांच्या पिशवीत होती? असेलच. त्यांनी ती काढली नाही.

फाटकातून मुलं आत येऊ लागली होती. मी घाईघाईनं पायानं रिंगण मोडलं, दगड इकडेतिकडे फेकले, गारगोटी खिशात घातली. मुलींनी विचारलं, सर, ताई काहून नाही आल्या?

मी म्हटलं, काहीच सांगून गेल्या नाहीत.