औषधाचा फ्रिज

माझ्या फजितीच्या गोष्टी भोरपासून वेल्ह्यापर्यंत लोकांना पाठ आहेत, आणि त्या मीच सांगितलेल्या आहेत. भलत्याच लग्नाच्या मांडवात शिरून पंगतीत जिलेबीचा आग्रह करत हिंडलो, ती. पुण्याच्या गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवताना शेवाळावरून घसरून ओढ्यात बसलो आणि बसल्या बसल्या 'पाणी बारमाही आहे बरं का' म्हणालो, ती. नसरापूरला चहाच्या टपरीवर मी दिसलो की लोक बाकावर सरकून जागा करतात — होऊ द्या बापू, एखादी! ही एक मात्र मी कधी होऊ दिली नाही. बायकोपाशी नाही, मित्रापाशी नाही, देवापुढं हात जोडून एकटा उभा असतानासुद्धा नाही. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून तुम्हाला.

सुरुवात हसण्यासारखी आहे. हसलात तरी चालेल. मीही बरेच दिवस हसत होतो.

मी जमिनीचे व्यवहार जुळवून देतो. एजंट म्हणा. घर विंझरला, रस्त्याला लागून. गिऱ्हाइकं सगळी पुण्याची — ज्यांना डोंगर दिसायला हवा आणि गाडी दारापर्यंत यायला हवी असे लोक. त्यातल्या एका साहेबांनी गुंजवणी धरणाच्या वरच्या अंगाला बंगला बांधला आणि मला बघायला बोलावलं. हॉलमध्ये एक बुटका काळा फ्रिज. काचेचं दार, आत निळा उजेड, आडव्या झोपलेल्या बाटल्या. वाईन कूलर. साहेबांनी एक बाटली काढली, माझ्या पेल्यात थोडी ओतली. खरं सांगू? चिंच कोळून ठेवली आणि विसरली, तशी चव होती. पण मी डोळे मिटून 'अहाहा' म्हणालो. आणि त्या दिवसापासून मला तो फ्रिज हवा झाला. वाईन नको होती, फ्रिज हवा होता. हे वेड कुठल्या औषधानं बरं होतं?

त्यात एक अडचण होती. अक्का.

अक्का माझी थोरली बहीण. आई गेली तेव्हा मी शाळेतही जात नव्हतो. अक्कानं मला वाढवलं, माझ्यापायी दोन स्थळं परत पाठवली, आणि तिसऱ्याला हो म्हटलं ते नेमके दाजी — दारूत बुडालेले. ते दारूनंच गेले. अक्का माहेरी परत आली ती एकच अट घालून. "बापू, ज्या दिवशी ह्या उंबऱ्याच्या आत बाटली यील, त्या दिवशी म्या भाईर." मी शब्द दिला होता. आणि तिच्या खोलीला लागूनच माझा हॉल.

तरी मी पुण्याला गेलो. दुकानातल्या पोरीनं दोन प्रकार दाखवले. एक कॉम्प्रेसरचा, घरातल्या फ्रिजसारखा घुंऽऽ करणारा. दुसरा नुसत्या पंख्यावर चालणारा, बिनआवाजाचा. मी बिनआवाजाचा घेतला. अक्काची झोप सावध असते, म्हणून. बघा, काळजी किती होती मला! पोरगी बिचारी नीट समजावून सांगत होती. "सर, हा बाराच्या खाली जात नाही. बाहेर खूप तापलं तर तेवढाही राहत नाही. मागं हवा खेळती ठेवा. आणि ह्यात दूध, औषधं असलं काही ठेवायचं नाही, हा फक्त वाईनसाठी." मी मान डोलवत होतो. मी हे ऐकलं होतं. हे वाक्य मी मुद्दाम वेगळं लिहितोय —

मी हे ऐकलं होतं.

खोक्यावर द्राक्षाच्या घोसाचं आणि बाटलीचं चित्र होतं, म्हणून ते नसरापूरला ओळखीच्या दुकानात टाकलं आणि फ्रिज तसाच उघडा टेम्पोत घालून आणला. ओट्यावर उतरवला तर समोर अक्का. "ह्ये काय रं आणलंस?" वाटेत मी तीन-चार उत्तरं घोकली होती. कोल्ड्रिंकचा आहे, मोबाईलच्या दुकानाचा आहे, असली. तोंडातून निघालं ते पाचवंच.

"तुझ्या औषधाचा फ्रिज आहे, अक्का. इन्सुलिनचा."

अक्काला साखर होती, बरीच वर्षं. रोज सुई. औषध स्वयंपाकघरातल्या फ्रिजच्या दारात, कोथिंबिरीशेजारी असायचं, आणि तिथं ते उत्तम होतं. अक्का त्या काळ्या काचेकडं बघत राहिली. मग खाली बसली आणि रडायला लागली. "माज्यासाठी? येवढा?" तिनं दाराला हळदकुंकू लावलं. आत वाकून बघत म्हणाली, "ह्या तारा अशा वाकड्या का रं?" मी म्हणालो, "औषधाच्या बाटल्या गडगडू नयेत म्हणून." माझी बायको सुनंदा माझ्याकडं नव्यानं पाहिल्यासारखी पाहत होती. शेजारची म्हातारी म्हणाली, "भाऊ असावा तर असा." आणि मला — कसं सांगू — मला ते आवडलं. वाईनपेक्षा शंभरपट आवडलं.

त्या फ्रिजमध्ये वाईन कधी गेलीच नाही. साहेबांनी दिलेल्या तीन बाटल्या माझ्या गाडीच्या डिक्कीत राहिल्या. वैशाखात एकीचं बूच उडालं आणि सातबाराचे उतारे लालभडक झाले. ही गोष्ट मी टपरीवर सांगितलीसुद्धा आहे, वाईनच्या जागी कोकम घालून. लोक हसून हसून वाकले.

फ्रिज मी टीव्हीच्या शोकेसमध्ये बसवला होता. तिन्ही बाजूंनी प्लायवूड. हवा कुठं खेळणार? दारावर निळे आकडे दिसायचे. पहिल्या आठवड्यात तेरा. होळी झाली तसा एकोणीस. अक्काची औषधं आम्ही तीन-तीन महिन्यांची आणायचो, ती सगळी आत. एक दिवस दुपारी लाईट जाऊन आल्यावर मी पाहिलं — एकोणतीस. अक्कानं मागून विचारलं, "बापू, ह्यो आकडा काय सांगतो?"

"सगळं बरं हाय असं सांगतो."

आणि दुसऱ्या दिवशी मी भोरच्या बाजारातून गणपतीचं एक स्टिकर आणलं आणि बरोब्बर त्या आकड्यावर चिकटवलं. अक्का तेव्हापासून रोज सुई घ्यायच्या आधी त्याला नमस्कार करायची.

तुम्ही विचाराल, औषधं परत कोथिंबिरीशेजारी का नाही ठेवली? 'अक्का, हा बिघडलाय,' एवढं म्हटलं असतं तरी काम झालं असतं. खरं बोलायची सुद्धा गरज नव्हती! दुसरं खोटं पुरलं असतं, आणि खोट्यात तर माझा हात कुणी धरत नाही. मग का नाही? लोक तो फ्रिज बघायला यायचे, म्हणून. पाहुणे आले की अक्का त्यांना हाताला धरून त्याच्यापुढं न्यायची. माझ्या भावानं, माझ्या बापूनं. बिघडला म्हटलं असतं तर तो चांगला भाऊसुद्धा त्याच्याबरोबर बिघडला असता. शिवाय मी स्वतःला सांगायचो, औषध काय दूध आहे नासायला? बाटलीत तर तसंच पाण्यासारखं दिसतं.

तिची साखर चढायला लागली.

भोरच्या डॉक्टरांनी सगळं नीट विचारलं. औषध थंड जागी ठेवता ना मावशी? "व्हय डाक्टरसायेब, येगळा फ्रिज हाय." सुई रोज घेता? "व्हय." मग गोड खाता का? "न्हाई वो." मी शेजारी बसलो होतो. डॉक्टरांनी औषध वाढवलं. म्हणजे त्याच बाटलीतलं जास्त. पुढच्या वेळी साखर आणखी वर. डॉक्टर आता अक्काकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाले, "घरात लक्ष ठेवा." आणि मी — मी मान हलवली. गंभीरपणे.

सुनंदानं गुळाच्या डब्याला कुलूप घातलं. "वन्सं, रागावू नका, पण तुमच्याच भल्यासाठी." अक्का म्हणाली, "घाल बाई. पर म्या खरंच खाल्लं न्हाई." श्रावणात एका गिऱ्हाइकानं पेढ्यांचा बॉक्स दिला होता. तो मी गाडीत निम्मा आणि घरात निम्मा एकट्यानं संपवला, आणि रिकामा बॉक्स कपाटावर फेकला. तो सुनंदाला सापडला. तिनं जेवताना तो सगळ्यांपुढं ताटांच्या मधोमध ठेवला. सगळे अक्काकडं बघत होते. अक्का माझ्याकडं बघत होती. ती वाट बघत होती, मी काहीतरी बोलावं म्हणून. मी बोललो.

"अक्का, खोटं तरी बोलू नको."

हे वाक्य माझं आहे. ते मी तिला म्हणालो, भाकरी मोडता मोडता.

त्यानंतर ती 'म्या खाल्लं न्हाई' म्हणायची थांबली. पाणी घटाघटा प्यायची, वाळत चालली होती, डोळ्यांपुढं जाळं येतं म्हणायची. भादव्यात नव्या चपलेनं तिच्या डाव्या अंगठ्याला फोड आला. चिमणीच्या डोळ्याएवढा. आठ दिवसांत अंगठा काळा पडला. भोरहून पुण्याला न्या म्हणाले. पुण्याला नेलं तोवर काळेपणा घोट्याला भिडला होता. कागदावर सही करायला मला बोलावलं. माझी सही फार ऐटबाज आहे, खाली दोन टिंबं देतो मी. त्या दिवशीही दिली. डावा पाय, गुडघ्याच्या खाली.

दवाखान्यातल्या औषधानं तिची साखर चार दिवसांत उतरली. सरळ रेषेत खाली. मी तक्त्याकडं बघत होतो आणि धरून चाललो होतो, आता कुणीतरी विचारणार — मग घरी का उतरत नव्हती? विचारलंच नाही कुणी. सुनंदा म्हणाली, "बघा, हितं चोरून खायला मिळत न्हाई, तर कशी सुतासारखी सरळ आली!" झालं. पुरावाच मिळाला. माझ्याविरुद्धचा पुरावा होता तो, आणि सगळ्यांनी तो अक्काच्या अंगावर चिकटवला.

वर्षानुवर्षांची साखर होती, पाय कदाचित तसाही गेला असता. असं एखादा डॉक्टर म्हणेलही. मी विचारलेलं नाही. 'हो' म्हणाले तर मला सुटल्यासारखं वाटेल, आणि ते वाटायला नको.

आता ते सांगतो, ज्याच्याभोवती मी इतका वेळ घिरट्या घालतोय. फ्रिज, स्टिकर, पेढे — त्यांची लाज वाटते, पण ती सहन होते. हे होत नाही. पट्टी बदलून नर्स गेली होती. खोलीत आम्ही दोघंच. अक्का छताकडं बघत म्हणाली, "बापू, खाल्लं असंल रं म्या. झोपंत उठून खात असंन. येवढी सगळी माणसं काय खोटं बोलत्यात? माजंच तोंड वाईट. तू येवढं केलंस माज्यासाठी, आन् म्या तुजं नाव घालवलं. मला माफी कर."

एवढ्या वर्षांत तिनं माझ्यापाशी कधी काही मागितलं नव्हतं. आणि आता जे मागितलं, ते मी दिलं. तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणालो, "जाऊ दे अक्का. झालं ते झालं. मी नाही रागावलो."

मी तिला माफ केलं.

घरी आल्यावर फ्रिज नव्हता. तो मी आधीच भंगारवाल्याला देऊन टाकला होता. जळाला म्हणून सांगितलं. तेव्हा मात्र दुसरं खोटं लगेच सुचलं. औषध पुन्हा कोथिंबिरीशेजारी गेलं आणि साखर जागेवर राहिली. सुनंदा म्हणते, वन्सं सुधारल्या. सणावाराला अक्का स्वतःच म्हणते, "माज्यापुढं डबा उगडा ठिवू नका गं, माजा भरवसा न्हाई."

गेल्या महिन्यात वेल्ह्याला बचत गटाच्या बायकांसाठी साखरेच्या आजारावर शिबिर होतं. अक्काला घेऊन मी गेलो. पुण्याहून आलेल्या डॉक्टरीणबाई बोलल्या आणि शेवटी म्हणाल्या, कुणाला काही सांगायचंय का? अक्कानं हात वर केला. मी तिला धरून उभी केली. ती एका पायावर, एक हात माझ्या खांद्यावर ठेवून, माईकशिवाय बोलली.

"बायांनो, म्या चोरून ग्वाड खायची. घरच्यांनी लई सांगितलं. माज्या ह्या भावानं तर औषिदाला काचंचा फ्रिज आणला. पर म्या ऐकलं न्हाई आन् वर खोटं बोलले. ह्यो बगा, पाय गेला. आपला गुन्हा आपुन कबूल करावा. लाजू नये."

एक बाई पदरानं डोळे पुसत होती. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढं धाडस फार थोड्या माणसांत असतं, आजींसाठी टाळ्या होऊ द्या.

अक्का खुर्चीत बसली. तिची कुबडी माझ्या हातात होती. ती मी भिंतीला टेकवून ठेवली, आणि मीही टाळ्या वाजवल्या.