लोणारच्या पाण्यातलं कुंकू

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात पाहण्यासारखं काय आहे, असं पुण्याचे पाहुणे विचारतात तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर अशी काही दया असते, की त्यांना धाडच्या बाजारात सोडून सरळ घरी निघून यावंसं वाटतं. पण मी सोडत नाही, फिरवतो. सकाळी सहाला गाडी, देऊळगाव राजाला चहा, सिंदखेड राजाचा राजवाडा, दुपारी लोणार आणि येताना मेहकरचा बालाजी. गावात कोणाकडेही पाहुणा आला की मलाच बोलावणं येतं, कारण मी शाळेत विज्ञान शिकवतो आणि फुकट बोलतो. कुठे काय सांगायचं, कुठे हसवायचं, सगळं पाठ आहे. ही फेरी मी पहिल्यांदा केली ती आत्याबरोबर, बावीस वर्षांपूर्वी, आणि त्याच दिवशी मी तिच्या जन्माची माती केली. हे वाचून कोणाला लोणार पाहावंसं वाटलं तर जरूर पाहावं. जागा चांगली आहे. माझ्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. लग्नाला तीन वर्षं होत नाहीत तोच तिचा नवरा कामासाठी सुरतेला गेला आणि तिकडेच दुसरी बाई करून राहिला. आत्या माहेरी परतली, त्याच वर्षी माझी आई वारली होती. मी नऊ वर्षांचा होतो. घराला बाई हवी होती आणि बाईला घर, त्यामुळे कोणाला फार वाईट वाटून घ्यावं लागलं नाही. तेव्हापासून आमची चूल, आमचं धुणं, वांग्या-मिरच्यांचा मळा आणि बाजाराच्या दिवशी भाजीचं दुकान, सगळं तिच्या अंगावर पडलं. ती कधी कुरकुरली नाही. आम्हीही तिला कधी विचारलं नाही.

ती छत्तीस वर्षांची असताना मलकापूरचा एक विधुर तिला पाहायला आला. त्याचं सरकी-ढेपेचं दुकान होतं. या वयात कसले कांदेपोहे, म्हणून तो थेट धाडच्या बाजारात आला, तिच्या दुकानासमोर उभा राहिला आणि किलोभर वांगी घेऊन काही न बोलता निघून गेला. पुढच्या बाजाराला पुन्हा आला, पुन्हा वांगी. तिसऱ्या खेपेला आत्यानं स्वतः निवडून दिली. त्या रात्री जेवताना ती म्हणाली, "मानूस वांगे निवडत नाही. जे देल्ले ते घेते." आत्याच्या तोंडून कोणा पुरुषाचं एवढं कौतुक मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

त्याचा होकार आला. सुरतेच्या नवऱ्यानं फारकतीच्या कागदावर कधीच सही करून पाठवली होती. आता फक्त आत्याची सही राहिली होती. वडील म्हणाले, "तिनं आजवर काही पाह्यलं नाही. सहीच्या आधी देवीची ओटी भरू दे, दोन ठिकाणं पाहू दे." त्यांनी गावातली जीप ठरवली आणि बरोबर मला पाठवलं. मी तेव्हा बुलढाण्याला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होतो आणि दर शनिवारी घरी येत होतो. शनिवारी माझ्यापुढे गरम भाकरी यायची आणि सोमवारी धुतलेले कपडे पिशवीत असायचे. आत्या जाणार म्हटल्यावर मला दुःख झालं नाही, राग आला. मोठ्यानं मी एवढंच म्हणालो, "लोक काय म्हणतील?" हे म्हणायला सोयीचं असतं, लोकांना कोणी विचारायला जात नाही. मनात एकच होतं. ही गेली तर भाकऱ्या कोण टाकणार?

सिंदखेड राजाच्या राजवाड्यात आत्या दरवाजाकडे पाहत बराच वेळ थांबली. मग आत फिरून आली आणि म्हणाली, "इथं चूल कुठी होती?" मी हसलो. ड्रायव्हरही हसला. लोणारला दैत्यसूदनाच्या देवळातलं कोरीव काम पाहूनही तिनं तेच विचारलं, नैवेद्य कुठी शिजवत असतीन. मी तिला ड्रायव्हरसमोर म्हणालो, "आत्या, तुले चुलीशिवाय काही दिसते का बे?" ती ओशाळली, पण चिडली नाही. त्या दिवशी ती कशावरच चिडणार नव्हती. नवी साडी नेसली होती आणि जीपमध्ये पुढच्या सीटवर बसली होती.

सरोवराकडे उतरायला जंगलातून वाट आहे. खाली गेलं की आधी नासक्या अंड्यांसारखा वास येतो, मग हिरवं पाणी दिसतं. काठावर कमळजा देवीचं देऊळ. आत्यानं देवीची ओटी भरली, हळदकुंकू वाहिलं, डोळे मिटून काहीतरी पुटपुटली. मग हात धुवायला पाण्याशी गेली. तिच्या उजव्या हाताची बोटं हळदीनं माखलेली होती. तिनं ती पाण्यात बुडवली, चोळली आणि ओरडली.

बोटं लाल झाली होती.

ती तशीच ओला हात वर धरून माझ्याकडे आली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. "बाबू, पाह्य. हयदीचं कुकू झालं." मी पाहिलं. मला त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. लोणारचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, अशा पाण्यात हळद लाल होणारच. आमच्या प्रयोगशाळेत हळदीचा कागद करून हेच करतात. आत्या मात्र त्या बोटांवरून नजर काढत नव्हती. "म्या देवीले इचारलं होतं," ती म्हणाली, "सही करू का नोको करू. तिनं माह्यं कुकू मले वापस देल्लं."

मग आत्यानं हात नाकाशी नेला, बोटं एकमेकांवर घासली आणि जरा विचार करून म्हणाली, "का हे साबनावानी हाय? हयदीच्या डागाले साबन लावला की लाल होते, तसं तं नाही ना? तू शिकून राह्यला, सांग बरं."

अगदी बरोबर विचारलं होतं तिनं. चौथी शिकलेली बाई, बारा वर्षं माझ्या शर्टांवरचे वरणाचे डाग धूत आलेली, तिनं देवळासमोर उभं राहून माझं सगळं रसायनशास्त्र एका वाक्यात मांडलं होतं. मला फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "नाही आत्या. साबनाचं येगळं. हे देवीचं देनं हाय."

तिनं ते लाल बोट कपाळाला लावलं. परत येताना ती मागच्या सीटवर बसली. मेहकरला बालाजीच्या देवळात तिनं चुलीबद्दल काही विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वडिलांनी कागद पुढे केले तेव्हा तिनं नाही म्हणून मान हलवली आणि पीठ मळायला बसली. वडिलांनी चार दिवस समजावलं. मी मदत केली नाही. पुढच्या शनिवारी भाकरी गरम होती, आणि मला ती गोड लागली, हेही सांगून टाकतो.

सुरतेचा माणूस आला नाही, येणारही नव्हता. त्याला आता नातवंडं आहेत. मलकापूरच्या माणसानं वर्षभरात दुसरीकडे लग्न केलं. स्टेशनकडे जाताना त्याचं दुकान लागतं. त्याची बायको चष्मा लावून गल्ल्यावर बसते आणि गिऱ्हाइकांवर खेकसते. माझं लग्न झालं, नोकरी लागली, दोन मुली झाल्या, वडील गेले. बायको बुलढाण्याला नर्स आहे, रोज जाऊन-येऊन करते, म्हणून चूल आत्याकडेच राहिली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावून ती आम्हा सगळ्यांच्या भाकऱ्या टाकत राहिली.

मागच्या हिवाळ्यात बायकोचे पुण्याचे नातेवाईक आले. लोणारला जायचं म्हटल्यावर आत्या म्हणाली, मलेबी देवीची ओटी भरायची हाय. बावीस वर्षांत ती पुन्हा गेली नव्हती. नाही म्हणायला मला काही कारण सुचलं नाही. तिचे गुडघे दुखतात, म्हणून तिला हाताला धरून हळूहळू खाली नेलं आणि देवळाच्या सावलीत बसवलं. मग पाहुण्यांना घेऊन पाण्याशी गेलो. तिथे मला गप्प बसता यायला हवं होतं. पण पाहुणे कंटाळले होते, मोबाइल बघत होते, आणि माझ्या खिशात नेहमीची हळदीची पुडी होती. पुण्याच्या माणसाला तोंडात बोट घालायला लावायची माझी हौस काही केल्या जात नाही.

मी सगळ्यांच्या तळहातांवर हळद ठेवली, वर पाणी घातलं. सगळे हात लाल झाले. मुलं ओरडली. मी वर्गातल्यासारखा मोठ्यानं बोलत होतो, "यात जादू नाही, चमत्कार नाही. पाणी अल्कधर्मी आहे. कोणाचीही हळद लाल होणार. घरी साबण लावून बघा, तसंच होईल."

मागे वळलो तर आत्या उभी होती. ती कधी उठून आली, कळलं नाही. ती त्या सगळ्या लाल हातांकडे एकेक करून पाहत होती. पाहुण्यांची मुलगी उत्साहानं तिच्याजवळ गेली, "आजी, तुम्ही पण करा ना!" आत्यानं तिचा हात धरला, नीट पाहिला आणि सोडून दिला.

मग माझ्याकडे आली. आवाज अजिबात चढला नाही. "मंग म्या तवा बरोबरच इचारलं होतं."

मी म्हणालो, "हाव."

"तुले तवाच मालूम होतं?"

"हाव."

"काऊन केलं बे?" तिनं मला आयुष्यात कधी बे म्हटलं नव्हतं. मी तोंड उघडलं, पण तिनं हात वर केला. उत्तर तिचं तिलाच सापडलं होतं. "भाकरीसाठी," ती म्हणाली. मी मान खाली घातली. पाहुणे फोटो काढत होते. त्यांनी आम्हा दोघांचाही एक काढला.

घरी आल्यावर मी बायकोला सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि आत जाऊन झोपली. दुसऱ्या दिवशी आत्यानं नेहमीसारखी ताटं वाढली. मुलींच्या ताटात भाकरी, बायकोच्या ताटात भाकरी, तिच्या स्वतःच्या ताटात भाकरी. माझ्या ताटात नुसतं पिठलं. मी भाकरीसाठी हात पुढे केला, तर ती म्हणाली, "पीठ डब्यात हाय."

त्याला आता दहा महिने झाले. बायकोही माझी भाकरी टाकत नाही. रोज संध्याकाळी सगळ्यांचं झालं की मी चुलीशी बसतो. त्रेचाळिसाव्या वर्षी पीठ मळतो, थापतो, आणि भाकरी काठाला फाटते. पाणी गरम घ्यायचं की गार, हे मला अजून समजलेलं नाही. आत्या तिथेच भिंतीला टेकून लसूण सोलत बसलेली असते. परवा मी तिला विचारलं, "आत्या, माह्यं काय चुकते?" तिनं माझ्या हातातल्या फाटलेल्या भाकरीकडे पाहिलं. "काही चुकत नाही," ती म्हणाली, "देवीचं देनं हाय."