राजूबाईचा तिसरा पेपर

दुबलगुंडीच्या राजूबाईनं दहावीचे बाकी सगळे विषय एका दमात काढले, पण इंग्रजीनं तिला दोनदा आपटलं. वय बेचाळीस, पोरगी अंजू बारावीला आणि आई अजून दहावीतच! सासू सिद्धव्वानं निर्वाणीचं सांगितलं, "तिसऱ्यांदा नापास झालीस तर पुस्तकाचं नाव काढायचं न्हाई." सिद्धव्वा बोलली की बोलली. 

घोडं अडलं होतं कुठं? 'टायरिंग' कुठं लिहायचं अन् 'टायर्ड' कुठं! दोघी दिसायला जुळ्या बहिणी. राजूबाई देवाचं नाव घेऊन एक लिहायची, आणि बरोबर नेमकी दुसरीच निघायची.

येळवसेला, म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेच्या सणाला, सगळं गणगोत शेतात जमलं. ज्वारीच्या कडेला पंगत बसली, भाज्या-डाळींची भज्जी आली, ताकाची आंबिल आली. पाव्हणे "बास, बास" म्हणायलेत, पण राजूबाई ऐकतीय व्हय? चुलतदीर सोमशेखर अण्णांनी तेवढ्यात आपल्या मुतखड्याची कथा काढली, ती काही संपेचना. अंकुशराव, म्हणजे राजूबाईचे मालक, बसल्या बसल्या पेंगायला लागले.

अंजू कानात म्हणाली, "आई, जो ताप देतो तो 'आयएनजी', ज्याला ताप होतो तो 'ईडी'. अण्णा टायरिंग, आपण टायर्ड."

राजूबाईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला! आंबिलीचा तांब्या उंचावून ती ओरडली, "अण्णा टायरिंग!" अण्णांना वाटलं, कौतुकच चाललंय. त्यांनी कथा पुन्हा पहिल्यापासून सुरू केली.

मग काय विचारता! अख्ख्या गावाची वाटणी झाली. घोरणारे अंकुशराव इरिटेटिंग, जागी राजूबाई इरिटेटेड. ऐन दळणात जाणारी लाइट अनॉयिंग, गिरणीपुढं ताटकळलेल्या बाया अनॉयड. "राजूअक्का, मी कोण गं?" म्हणून लोक वाटेत अडवू लागले. आणि पेपरात रिकामी जागा आली की राजूबाई मनात पंगत बसवायची: वाढणारं कोण, पोट धरून बसलेलं कोण?

निकालाच्या दिवशी अंजू किंचाळली, "इंग्रजीत छप्पन्न!" मायलेकींनी अंगणातच फुगडी धरली, कोंबड्या सैरावैरा पळाल्या. अंकुशराव एका पायात चप्पल घालून पेढे आणायला सुटले.

सिद्धव्वा उंबऱ्यावर डोळ्याला पदर लावून बसली होती.

"कामून रडायलाव, आत्याबाई?"

"लग्नात तुझी शाळा सुटली, तवा तुझ्या मास्तरनं दोनदा माणूस धाडला होता. पोरगी हुशार हाय, परीक्षेला पाठवा म्हणून. मीच परत धाडला. तुला कळूबी दिलं न्हाई."

राजूबाईला राग आला, सणसणीत आला. इतकी वर्षं ती समजत होती, आपल्याला शाळेत कुणी बोलावलंच नाही.

"अकरावीचं फारम भर," सिद्धव्वा खाली बघून म्हणाली.

"भरते. पण भाकरी तुम्ही थापायच्या. रोज."

"व्हय," सिद्धव्वा म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकवत चुलीकडं गेली.