आईने काच फुंकली

तीन महिन्यांसाठी नेदरलँड्समध्ये एनस्खेडेला आलेली माझी आई आधी विमानं बंद म्हणून आणि नंतर स्वतःच्याच कोविडमुळे आमच्याकडे अडकून पडली. कोविड गेला, पण जाताना तिचा दम घेऊन गेला. आमचा डच जिना म्हणजे नुसती शिडी. तो चढताना ती दोनदा टेकायची. पुण्यातलं आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. "मला काही आता आपलं घर दिसत नाही," असं ती म्हणायची. फिजिओने श्वास ओढून प्लास्टिकच्या गोळ्या वर चढवायचं एक खेळणं दिलं होतं, ते तिने फळीवर ठेवून दिलं. "मी काय बालवाडीत आहे?" मी घाबरले होते, आणि घाबरले की मी चिडते. रोज भांडण.

म्हणून तिच्या वाढदिवसाला मी तिला काचेच्या कारखान्यात नेलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक चेक म्हातारा बोहेमियन पद्धतीची रंगीत भांडी हाताने करायचा. निर्बंध सैल झाल्यावर त्याने दारावर पाटी लावली होती: एका वेळी एकच कुटुंब, आपलं भांडं आपण फुंका.

त्याने भट्टीतून लांब लोखंडी नळीच्या टोकावर काचेचा लालबुंद गोळा उचलला, रंगाच्या चुऱ्यात लोळवला आणि नळीचं दुसरं टोक आईपुढे धरलं. "फुंका, मेव्राउ." मेव्राउ म्हणजे डचमध्ये बाईसाहेब.

आईने मास्क खाली ओढला, ओठ नळीपासून चार बोटं लांब धरले आणि फुंकर मारली. म्हाताऱ्याची दाढी हलली. गोळा ढिम्म.

गोळा पुन्हा भट्टीत, पुन्हा फुंकर, पुन्हा दाढी. जन्मभर तांब्या वर धरून पाणी प्यायलेली बाई ती. दुसऱ्याच्या उष्ट्याला ओठ लावेल होय? म्हाताऱ्याला वाटलं, कोरोनाची भीती. त्याने पाकीट फोडून नळीला नवंकोरं टोपण बसवलं.

"टोपण नवं," आई मला म्हणाली, "पण नळीचं काय?"

मी त्याला सांगितलं की हे कोरोनाच्या फार आधीचं प्रकरण आहे. तो इतका हसला की त्याला गोळा तिसऱ्यांदा भट्टीत घालावा लागला. मलाही हसू आवरेना, आणि हसता हसताच सुचलं.

"आई, चुलीच्या फुंकणीला तू, आत्या, आजी, सगळ्याच तोंड लावायचात की."

"फुंकणीची गोष्ट वेगळी," ती म्हणाली. मग भट्टीकडे बघून, जरा विचार करून, "तशी हीसुद्धा फुंकणीच."

आणि तिने फुंकलं. ओली लाकडं पेटवायची असावीत तसं, गाल फुगवून, डोळे बारीक करून. गोळा फुगला. लिंबाएवढा, मोसंबीएवढा. "रुस्तिख, मेव्राउ, हळू!" म्हातारा नळी गरागरा फिरवत ओरडत होता. आईने दम घेतला आणि पुन्हा फुंकलं. मी खोकल्याची वाट बघत होते. खोकला आला नाही. भांडं एका बाजूला नारळासारखं फुगलं आणि आम्ही तिघं वेड्यासारखे हसत सुटलो. आईच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि तरीही ती खोकत नव्हती.

भांडं रात्रभर हळूहळू निववावं लागतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही ते घेऊन आलो. लाल, वाकडं, सुरेख. आई ते पोटाशी धरून जिना चढायला लागली. मी मागे, हात पुढे करून. ती एकदाच टेकली. वर पोहोचून तिने ते खिडकीत ठेवलं, लांबून बघितलं, जवळ जाऊन बघितलं.

"हे विमानात हातात नेऊ देतात का गं?" तिने विचारलं.

"देतात," मी म्हटलं. इतके महिने मला हेच ऐकायचं होतं, आणि आता ऐकल्यावर तिने जाऊच नये असं वाटत होतं.